बुक्की मारली की चालणारा ब्लोअर

यंदा पावसाळा सुरू झाला आणि आमच्या गाडीच्या ब्लोअरने स्वतःचं वेळापत्रक लावून घेतलं. वीसेक मिनिटं छान चालायचा, मग एकदम गप्प. एसीचा दिवा लागलेला, नॉब तिसऱ्यावर, आणि जाळीतून हवेचा पत्ता नाही. एखादा दणदणीत खड्डा आला की परत सुरू. कोथरूडहून कुठेही निघा, खड्ड्यांची ददात नाही, त्यामुळे बरेच दिवस आम्ही हे तसंच रेटलं. ग्लव्ह बॉक्सवर बुक्की मारली तरी तो चालतो, हा शोध माझ्या मुलीने लावला आणि तेव्हापासून ते खातं तिच्याकडे गेलं.

पुण्यात हीटर लागतो कुणाला, असं कुणी म्हणेल. पण एसी आणि हीटरचा पंखा, म्हणजे हा ब्लोअर, एकच असतो. तो डॅशबोर्डच्या आतून हवा ढकलतो. ती एसीच्या गार कॉइलवरून जाते आणि नॉब गरमकडे असेल तर इंजिनाच्या गरम पाण्याच्या छोट्या रेडिएटरवरूनही. पावसात काच धुरकटते तेव्हा दोन्ही एकदम लागतात: एसी हवेतला दमटपणा काढतो, हीटर तीच हवा ऊबदार करून काचेवर सोडतो. पंखाच थांबला तर दोन्ही असून नसल्यासारखे. ताम्हिणी घाटात धुक्यात, मागे ट्रक आणि पुढे काचेवर वाफ, अशा अवस्थेत हातरुमालाने काच पुसत गाडी चालवली आणि मग मात्र ठरवलं की याचा सोक्षमोक्ष लावायचा.

गाडी 2012 सालची हॅचबॅक आहे, चार स्पीडच्या साध्या नॉबवाली. पहिल्या गॅरेजमध्ये पोचले तेव्हा सुदैवाने ब्लोअर बंद होता. मेकॅनिकने ग्लव्ह बॉक्सखालून हात घालून मोटरीवर स्क्रूड्रायव्हरची मूठ दोनदा आपटली, पंखा फिरला आणि निकाल लागला: "कार्बन गेलेत मॅडम, मोटर बदला." दुसऱ्या ठिकाणी गाडी नेली तर तिथे ब्लोअर उत्तम चालला. त्यांनी तरीही सांगितलं, "रेझिस्टन्स उडाला असणार. या गाड्यांना होतंच."

दोघांच्या बोलण्यात अनुभव होता, पण लक्षणं कुणी नीट विचारली नव्हती. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. गाडीतलं फार कळत नाही, पण सर्किट कळतं. असल्या ब्लोअरमध्ये रेझिस्टन्स म्हणजे एका छोट्या पट्टीवर बसवलेली तारांची वेटोळी. पहिल्या स्पीडला करंट सगळ्या वेटोळ्यांतून जातो, दुसऱ्याला कमी वेटोळ्यांतून, आणि चौथ्याला त्यांना पूर्ण बगल देऊन थेट. म्हणून रेझिस्टन्स गेला की खालचे स्पीड मरतात आणि चौथा मात्र जोरात चालतो. आमचा चौथ्यावरही बंद पडायचा. उलट चौथ्यावर जरा लवकरच. तेव्हा रेझिस्टन्स यादीतून बाद.

मोटर मात्र बाद करता येत नव्हती. झिजलेले कार्बन, म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे तुकडे, असेच वागतात. ठोकलं की टेकतात, पंखा फिरतो. पण ग्लव्ह बॉक्सवर मारलेली बुक्की फक्त मोटरीला बसत नाही, सगळा डॅशबोर्ड हादरतो. त्यात मोटर आहे, तिचा कपलर (वायरी जोडायचा प्लॅस्टिकचा प्लग) आहे, नॉबचा स्विच आहे आणि त्यांच्यामधली वायरिंग आहे. ठोकून सुरू झालं याचा अर्थ एवढाच की कुठेतरी लूज काँटॅक्ट आहे. तो मोटरीतच आहे असं म्हणणं म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहतात, टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, उभी हयात काढलेले. त्यांच्याशी बोलले तर ते म्हणाले, "अगं, चालू असताना मोजून काय उपयोग? बंद पडेल तेव्हा मोजायचं. आणि बंद पडतो रस्त्यावर, म्हणजे मीटर गाडीत हवा." चालत्या गाडीत मीटरचे आकडे वाचत बसणं काही खरं नव्हतं. मग काकांनी बल्बची युक्ती काढली.

आमच्या गाडीत, आणि तशी बऱ्याच गाड्यांत, मोटरला प्लस थेट मिळतो: किल्ली फिरवली की फ्यूज आणि रिले (विजेने चालणारा स्विच) यांच्यामधून तो मोटरीपर्यंत येऊन थांबतो. नॉब असतो मायनसच्या बाजूला. मोटरीतून निघालेला करंट रेझिस्टन्स किंवा थेट वाट, मग नॉबचा स्विच, मग काळी वायर आणि शेवटी बॉडीवरचा अर्थचा बोल्ट, असा जातो. म्हणून पार्किंग लाइटचे 5 वॉटचे दोन बल्ब घेतले. एक मोटरीच्या प्लस पिनवरून थेट बॉडीला जोडला. दुसरा मोटरीच्या दोन पिनांमध्ये, म्हणजे मोटरीला समांतर. त्याला लाल सेलोफेन गुंडाळला. कपलर काढला नाही, हे महत्त्वाचं. मोटर जोडलेलीच राहिली पाहिजे. कपलरच्या मागून, वायर जिथे आत शिरते तिथे, शिवणकामाच्या टाचण्या सरकवल्या आणि त्यांना वायरी जोडल्या. टाचण्या एकमेकींना लागू नयेत म्हणून टेप, आणि प्रत्येक वायरीला सुरुवातीलाच 2 अँपिअरचा फ्यूज. लांब वायरी काढून दोन्ही बल्ब डॅशबोर्डवर चिकटवले.

आता ब्लोअर बंद पडेल तेव्हा दोन्ही बल्ब पेटलेले असतील तर मोटरीला सगळं मिळतंय आणि ती फिरत नाहीये: मोटर किंवा तिचा कपलर दोषी. दोन्ही विझले तर प्लसच येत नाहीये: फ्यूज, रिले, किल्लीचा स्विच. पांढरा पेटलेला आणि लाल विझलेला असेल तर मोटरीपर्यंत वीज येतेय, पण तिला परत जायला वाट नाही.

रविवारी सकाळी लेकीला शेजारी बसवलं आणि वारज्यावरून एनडीए रोडने उत्तमनगरच्या दिशेने निघालो. नॉब चौथ्यावर, काचा बंद. तिला सांगितलं होतं, बल्बवरून नजर हटवायची नाही. बराच वेळ काही झालं नाही. ब्लोअर इतका शहाण्यासारखा चालला की मला शंका यायला लागली, टाचण्या घालतानाच काहीतरी नीट बसलं की काय. शिवण्याच्या पुढे एका स्पीडब्रेकरनंतर आवाज उतरला. "आई, लाल गेला! पांढरा आहे!" मी गाडी कडेला घेतली. पांढरा बल्ब ठणठणीत पेटलेला, लाल पूर्ण काळा. बुक्की मारायला लेकीचा हात गेला होता, तो मी धरला. तसंच दोन मिनिटं बसून राहिलो. मग इंडिकेटर देऊन गाडी रस्त्यावर घेतली, पहिल्याच खड्ड्यात लाल बल्ब लुकलुकला, पेटला, आणि हवा सुरू झाली.

म्हणजे मोटर नाही, फ्यूज नाही, रिले नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी निघाला असता.

मायनसच्या वाटेवर सगळ्या स्पीडना सामाईक असलेल्या जागा थोड्याच उरतात: मोटरीतून निघणारी वायर, नॉबच्या स्विचमधली सामाईक पिन, तिथून निघणारी काळी वायर आणि अर्थचा बोल्ट. पुढचं काम पार्किंगमध्ये. नॉब ओढून काढले, मागचे स्क्रू सोडवले, पॅनेल पुढे घेतलं. याच्या आधी बॅटरीचा मायनस काढून थोडा वेळ थांबले होते, कारण डॅशबोर्डमध्ये एअरबॅगची वायरिंगही असते. तिचे कपलर पिवळे असतात, त्यांना बोटसुद्धा लावायचं नाही.

बॅटरी परत जोडून, इंजिन चालू ठेवून, ब्लोअर चौथ्यावर सुरू केला. तो चालत होता, आणि तरीही मोजण्यासारखं होतं. बंद पडलेला असतानाच दोष सापडतो हे काकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. वाईट जोड असेल तर चालू असतानाही त्याच्यावर व्होल्टेज पडतंच, फक्त भार चालू पाहिजे. मीटरचं एक टोक लांब वायरीने बॅटरीच्या मायनसला जोडलं आणि दुसरं टोक वाटेवर एकेका ठिकाणी टेकवत गेले. अर्थच्या बोल्टवर 0.04 व्होल्ट. स्विचच्या कपलरमागे काळ्या वायरवर 0.1. तिथपर्यंत सगळं निर्मळ. त्याच कपलरमध्ये मोटरीकडून येणाऱ्या वायरवर 1.9. म्हणजे 1.8 व्होल्ट फक्त त्या स्विचमध्ये आणि त्याच्या कपलरमध्ये, बोटभर अंतरात, गळत होते. चांगल्या जोडावर एवढ्या करंटला व्होल्टचा दहावा-पाचवा भाग पडला तरी पुष्कळ झाला.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण दुसऱ्या गॅरेजमध्ये मीटर होता आणि त्यांनी वायर 'चेक' केली होती. कपलर काढून, वायरच्या दोन टोकांना मीटर लावून बीप ऐकला आणि "कंटिन्युइटी आहे" म्हणाले. कंटिन्युइटी होतीच. आमचा दोष होता सुमारे 0.1 ओहमचा. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याहून जास्त भरतो. ओहमच्या रेंजवर तो दिसणं शक्य नाही, आणि बीप तर त्याच्या कितीतरी पट रेझिस्टन्सलाही वाजतो. भार काढून केलेल्या मोजणीत असला जोड नेहमी निर्दोष सुटतो. वर्गात मी हे दरवर्षी फळ्यावर लिहिते, पण डॅशबोर्डच्या पोटात हात घालून बघण्यात वेगळीच मजा आहे.

कपलर ओढला तर येईना. कडेची खिटी दाबून, हलवून हलवून काढला तेव्हा ती खिटी तुटूनच हातात आली. पांढऱ्या प्लॅस्टिकचा एक कोपरा चहाच्या डागासारखा तपकिरी झाला होता आणि फुगला होता. नेमका काळ्या वायरचा कोपरा. पिन बाहेर काढली. बाकीच्या पिना चकचकीत, ही निळसर-काळी. आतल्या दोन पाकळ्या, ज्या स्विचच्या पात्याला चिमटीत धरतात, त्या उघड्या पडल्या होत्या. पातं त्यांच्यात सैलपणे सरकत होतं. स्विचवरचं पातंही काळवंडलेलं. जळक्या प्लॅस्टिकचा वास मला आधीही यायचा, पण मी त्याचं खापर पुढच्या रिक्षांवर फोडत होते.

आता सगळी लक्षणं जुळली. पिन तापली की पाकळ्यांचा ताण जातो, ताण गेला की पकड सैल होते, सैल झाली की रेझिस्टन्स वाढतो आणि ती आणखी तापते. वीस मिनिटांत प्लॅस्टिक इतकं मऊ होत असणार की पातं पाकळ्यांपासून सुटायचं. खड्डा किंवा बुक्की त्यांना परत टेकवायची. काकांकडच्या क्लँप मीटरने, म्हणजे वायरीभोवती नुसता अडकवायच्या मीटरने, मोटरचा करंट मोजला, तो भरला 17 अँपिअर. 1.8 व्होल्ट गुणिले 17, म्हणजे 30 वॉट. सोल्डरिंगचं साधं आयर्न 25 वॉटचं असतं, आणि ते आम्ही प्लॅस्टिकच्या कपलरमध्ये खुपसून ताम्हिणीला फिरत होतो.

मग फ्यूज का नाही उडाला? तो 30 अँपिअरचा आहे आणि 17 त्याच्या गावीही नाहीत. शिवाय वाईट जोडाने करंट वाढत नाही, कमीच होतो. फ्यूज शॉर्टपासून वायर वाचवतो; एखादी पिन एकटी भाजून निघत असेल तर त्याला कळायचा मार्ग नाही. "फ्यूज ठीक आहे म्हणजे वायरिंग ठीक आहे" हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर वाद घालणं सोडलंय.

क्लँप मीटरबद्दल जाता जाता. घरगुती वायरमनकडे असतो तो स्वस्तातला क्लँप बहुतेक वेळा फक्त एसी, म्हणजे घरातल्या विजेसारखा दिशा बदलणारा करंट मोजतो. गाडीतला करंट डीसी, एकाच दिशेने वाहणारा, तिथे तो शून्यच दाखवणार. डीसीसाठी हॉल सेन्सरवाला (करंटभोवतीचं चुंबकत्व मोजणारा) लागतो आणि तो महाग पडतो. तपकीर गल्लीत मिळतो, पण एका दुरुस्तीसाठी घेण्यापेक्षा माहितीतल्या कुणाकडे आहे का ते आधी विचारावं.

17 हा आकडा मात्र मला जास्त वाटला, खटकला. पिन मुळात तापली ती का? मोटर काढली. ग्लव्ह बॉक्सखाली तीन स्क्रू, एक कपलर, आणि ती पंख्यासकट खाली येते. पिंजऱ्यासारख्या पंख्याच्या पात्यांमध्ये गुलमोहराच्या बारीक पानांचा कुजलेला लगदा बसला होता. आमचं पार्किंग गुलमोहराखाली आहे आणि काचेखालच्या जाळीतून ती पानं सरळ आत जातात. या मॉडेलला केबिन फिल्टर मिळालेलाच नव्हता, नुसती खाच ठेवून दिली होती. पानं झटकली आणि पंखा हाताने फिरवला. तो सुटा फिरत राहायला हवा होता. अर्ध्या फेरीत खर्र करून थांबला. बूश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती कडी, कोरडी पडली होती. जड फिरणारी मोटर जास्त करंट ओढते, आणि पिनेतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. तेव्हा पहिल्या मेकॅनिकचं "मोटर बदला" अगदीच वाया नव्हतं. त्याच्या सांगण्यावरून नुसती मोटर बदलली असती तर भाजलेली पिन तशीच राहिली असती, एवढंच.

काका म्हणाले, फिल्टर चोंदला की मोटरवर लोड येतो, तसंच पानांनी झालं असेल. ते मला पटेना. मोटर गाडीत परत लावून, क्लँप अडकवून, हवा आत घेण्याच्या तोंडावर पुठ्ठा धरला. पंख्याचा आवाज चढला आणि करंट उतरला. या जातीच्या पंख्याला हवाच मिळाली नाही तर ढकलायला काही उरत नाही, मोटर हलकी होते. चोंदलेल्या फिल्टरने त्रास होतो तो रेझिस्टन्सच्या पट्टीला, कारण ती मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेली असते आणि तीच हवा तिला गार ठेवते. काकांनी पुठ्ठा स्वतः धरून बघितला, दोनदा, आणि मग "बरोबर आहे तुझं" म्हणाले. टेल्कोतल्या माणसाकडून हे मिळालं, ही माझी कमाई.

सुट्या भागांसाठी नाना पेठ. काउंटरवर जाऊन गाडीचं नाव, साल, काय हवंय ते सांगायला लागले तर मालकांनी मान वर न करता विचारलं, "नमुना?" मी स्विच आणि कपलर पुढे ठेवला.

"हा जळालाय."

"म्हणूनच आणलाय."

"ओरिजिनल का लोकल?"

स्विच ओरिजिनल घेतला, कपलर वायरींच्या शेपटासकट 150 रुपयांना मिळाला, आणि मोटर दुसऱ्या दुकानात. तिथल्याच गल्लीतल्या एका गाडीच्या वायरमनला जुनी मोटर दाखवली. तो म्हणाला, "बूश घालून देतो ताई, पण बॅलन्स गेला तर घुंई करत राहील." शेवटी नवीच घेतली. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला सुचली नसती: "नुसती पिन बदलू नका. काळ्या पात्यावर नवी पिन बसवली तर परत जळून याल. दोन्ही बदला." स्विच घेतला होता ते बरं झालं.

जोडणी मी त्याच्याकडूनच करून घेतली, कारण पिन दाबून बसवायचं हत्यार माझ्याकडे नाही. तो वायरींना पीळ घालून टेप मारायला निघाला होता. मी म्हटलं, त्यावर 11-12 अँपिअर जाणार आहेत, क्रिंप करा, म्हणजे हत्याराने दाबून जोडा, आणि वर हीट श्रिंक, गरम केल्यावर आवळणारी नळी, लावा. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मग ड्रॉवरमधून स्लीव्ह काढली आणि नीट केलं. जास्त पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन तीच मोजणी परत केली. चौथ्या स्पीडला करंट 11 अँपिअर, आणि स्विचच्या कपलरच्या अलीकडे-पलीकडे मिळून 0.08 व्होल्ट. अर्धा तास चौथ्यावर चालवून पॅनेल बसवायच्या आधी कपलरला बोट लावून पाहिलं, कोमट होता. बल्ब डॅशबोर्डवर आणखी काही दिवस तसेच ठेवले. लेक कॉलेजला जाताना मैत्रिणींना ते गाडीचे 'बीपी मॉनिटर' म्हणून दाखवायची.

फिल्टरच्या रिकाम्या खाचेत बाजारातला फिल्टर बसतो, फक्त वरचं झाकण आधी कापावं लागतं. ते कापून बसवला आहे. काचेखालच्या जाळीवर आतून बारीक स्टीलची जाळी लावायची आहे, म्हणजे गुलमोहराची पानं वरच अडतील. मात्र तिथून पावसाचं पाणी वाहून जायची वाट आहे, ती बंद होऊन पाणी उलट मोटरीवर उतरायला नको. म्हणून ते काम पाऊस संपल्यावर, होज पाइपने पाणी सोडून बघत करणार आहे.